लंकावहिनीच्या कुरडयांची किंमत

माझी वहिनी लंकाबाई हिने साठी गाठल्यावर ऑनलाइन दुकान काढलं. लोक म्हणतात, या वयात काय तो उत्साह! उत्साह कसला, राग होता. मी तिची सख्खी नणंद, जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेली. दुकान चालवायला तिला मीच शिकवलं आणि त्या रागात माझाही वाटा होता.

वहिनी मूळची विंचूरची, लग्नानंतर नाशकात सिडकोत आलेली. बावीस उन्हाळे तिने भाग्यश्री मॅडमच्या दुकानासाठी कुरडया केल्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा आणि तो शिजवताना हात क्षणभरही थांबू द्यायचा नाही, नाहीतर गुठळ्या होतात. तिची कुरडई तळली की पांढरीशुभ्र, जाळीदार फुलायची. भाग्यश्रीने जन्मात कधी सोऱ्या हातात धरला नसेल.

तिच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिने हॉल घेऊन कार्यक्रम केला. स्टेजमागे भला मोठा फलक, त्यावर तिचाच हसरा फोटो, हातात कुरडई आणि खाली 'माझ्या हातची चव'. वहिनी नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. निदान नाव तरी घेतील, असं तिला वाटलं होतं. कुणा पाहुणीने तिच्याकडे बघून विचारलं, या कोण? भाग्यश्री म्हणाली, "आमच्याकडे कामाला असते." वर तिला नाश्त्याच्या प्लेटा वाटायला उठवलं.

वहिनीने मुकाट्याने प्लेटा वाटल्या. त्या दिवशी मला भाग्यश्रीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. घरी येऊन साडीची घडी घालताना वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, माझं नाव मी हिच्याच तोंडून वदवून घेईन."

दुसऱ्या दिवसापासून तिने भाग्यश्रीचं काम सोडलं आणि नवा मोबाइल आणला. सोऱ्या दाबून दाबून घट्टे पडलेली तिची बोटं स्क्रीनला कळायचीच नाहीत. एक अक्षर उमटायला चारदा दाबावं लागे आणि दर वेळी भाग्यश्रीचा उद्धार होई. पासवर्ड तर ती रोज विसरायची. दुकानाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी देवीचं नाव सुचवलं. ती म्हणाली, देवीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आपलंच टाका.

वाळत घातलेल्या कुरडयांचा फोटो झकास आला. दुकान उघडलं, पण आठ दिवसांत एक ऑर्डर नाही. उलट दोघीतिघींनी लिहिलं की कुरडईत किडा दिसतोय. नीट पाहिलं, तर मधोमध काळा ठिपका. वाळवणाला नजर लागू नये म्हणून आमच्याकडे त्यात कोळशाचा खडा ठेवतात. तो वहिनीने फोटोपुरताही काढला नव्हता. म्हणे, एवढं जग बघणार, मग तर ठेवायलाच पाहिजे. पुढचा फोटो काढताना मी तो खडा तिच्या पदराला बांधून ठेवला, तेव्हा कुठे बाई तयार झाली.

मग मात्र ऑर्डरी सुरू झाल्या. मनमाडहून, पुण्याहून, कुठून कुठून. भाग्यश्रीने दुसऱ्या बायकांकडून कुरडया करून घेतल्या, त्या जाड निघाल्या आणि गिऱ्हाइकं तोंडावर बोलून गेली. ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

एप्रिलमध्ये एका दुपारी भाग्यश्री स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभी. तिच्या लेकीचं, वेदिकाचं, लग्न ठरलं होतं, नांदगावकडचं सासर. साखरपुड्यात बाईंनी विहीणबाईंपुढे बढाई मारली होती की रुखवतात माझ्या हातच्या पाच रंगांच्या पाचशे कुरडया मांडीन. आता घरी चीक शिजवायला गेली, तर नुसत्या गुठळ्या. "लंकाबाई, तुम्हीच अब्रू राखा," ती म्हणाली. बावीस वर्षं 'अगं लंका' म्हणणारी बाई अहोजाहो करत होती.

मला वाटलं, वहिनी पुड्यासकट हाकलून देईल. तिने चहा टाकला. मग शांतपणे म्हणाली, "नाय कशाला म्हणू? दुकान सगळ्यांना उघडं हाय. पण मॅडम, बावीस वर्षं माझा माल नेला, अभिप्राय नाय लिहिला कधी. तो आधी लिहा, तुमच्या नावासकट. मग कुरडया."

भाग्यश्रीने तिथेच मोबाइल काढला आणि लिहिलं, लंकाबाईंच्या कुरडया छान असतात. वहिनीने एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली. दुसरी ओळ पाहिजे. चहा गार झाला. शेवटी दुसरी ओळ आली: 'बावीस वर्षं मी माझ्या म्हणून विकल्या, त्या कुरडया यांच्याच हातच्या.' खाली पूर्ण नाव.

वहिनीने शब्द पाळला. पाचही रंग असे उठून आले की रुखवतासमोरून बायका हलेनात. लग्न थाटात झालं.

पाचव्या दिवशी भाग्यश्रीचा फोन आला. विहीणबाईंना त्या कुरडया फार आवडल्या होत्या. तशाच आणखी कुठे मिळतात का म्हणून त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि नेमकं वहिनीचं दुकान उघडलं. आता त्या चार लोकांत हसून सांगत होत्या. भाग्यश्री रडत होती, तेवढा अभिप्राय काढून टाका म्हणून विनवत होती. त्या ॲपवर लिहिणाऱ्याला स्वतःचा अभिप्राय पुसता येत नव्हता; दुकान वहिनीचं, त्यामुळे तो पुसणं तिच्याच हातात.

"मॅडम, मी पडले म्हातारं माणूस," वहिनी म्हणाली. "पुसायचं कसं ते ताईंनी अजून शिकवलं नाय."

पुसणं तर मी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. फोन ठेवून तिने चष्मा लावला, थोडा वेळ बोटं चालवली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. भाग्यश्रीच्या त्या दोन ओळी दुकानात सगळ्यात वर, कुरडयांच्या फोटोच्या अगदी खाली येऊन बसल्या होत्या. हे मात्र मी शिकवलेलं नव्हतं.