बाराव्या डब्यातले साडेसात इंच

डबा दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांसमोर आणायचा, एक डोळा मिटायचा, या टोकाच्या दारातून त्या टोकाच्या दारापर्यंत आरपार बघायचं आणि मग तोंड कडू करून म्हणायचं, "छ्या! खोटं हाय." आमच्या पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींची ही रीत. डबा जेवणाचा नव्हे, आगगाडीचा. दीड हात लांब, सागवानी, खिडक्यांना बारीक तारेचे गज असलेला प्रवासी डबा, आणि तोही त्यांनी स्वतःच केलेला. एखाद्या गजात केसाएवढा फरक सापडला तरी तो गज निघायचा.

तुम्हीही तुमच्या कंपनीत किंवा आळीत असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला कशातच राम वाटत नाही. अशा माणसांचा कंटाळा येतो. मलाही यायचा. पण हल्ली सगळ्यांना सगळंच चालतं हे बघतो, तेव्हा मला कंटाळा नाही, किळस येते.

चिंचवडच्या एका फाउंड्रीत मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. मी कागदावर नकाशा काढायचा, मिस्त्रींनी त्यावरून लाकडी पॅटर्न करायचा, मग वाळूत त्याचा साचा आणि साच्यात ओतीव लोखंड. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न जरा मोठा ठेवावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, मोठा. देश कधीचा मिलिमीटरवर गेला, पण मिस्त्रींच्या खिशातली ती पितळी पट्टी काही हलली नाही. लग्नालाही ती खिशात घेऊन जात.

राहायला ते चाकणला. त्यांचे वडील रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात सुतार होते, थर्ड क्लासची बाकं करायचे. वडील गेले तेव्हा घरात त्यांची ना तसबीर होती ना हातचं काही सामान. मिस्त्री मग डबे जमवायला लागले. स्टेशनात गाडी थांबली की खडूने खुणा करत, पट्टीपुढे पट्टी टाकत बाहेरून डबा मोजायचे. लोकांना वाटायचं हे रेल्वेचेच साहेब. एका बाईंनी त्यांना खिडकीतून नळाला पाणी नसल्याची तक्रार सांगितली.

"मी रेल्वेचा न्हाई, बाई."

"मग मोजताय कशाला?"

"तुमी कशात बसलाय त्ये लिवून ठिवतुया. उद्या कुनी इचारलं तर?"

असे अकरा डबे घरात फळीवर उभे होते. त्याखाली भांड्यांची फळी, त्याखाली आम्ही. मिस्त्रींची बायको, आमच्या भाभी, चहा पुढे ठेवत म्हणायच्या, "आमाला टेकाया जागा न्हाई, आन् तितं बगा, समदी बाकं रिकामी!" मिस्त्री हसायचे नाहीत. चहा गोड झाला असेल तर त्यालाही छ्या म्हणायचे.

आमच्या वर्क्स मॅनेजरांनाही आगगाडीचा नाद लागला. नाद म्हणजे काय, परदेशातून एक चकचकीत संच आणला आणि दिवाणखान्यात मांडला. मिस्त्रींना मुद्दाम बोलावलं, सोबत मला. गाडी विजेवर गोल गोल फिरत होती. मिस्त्री वाकले, एक डोळा मिटला.

"साहेब, इंजिन एका मुलखाचं, डबे दुसऱ्या मुलखाचे, आन् मागं मालगाडीच्या गार्डाचा डबा. ही गाडी कंच्या टेसनात हुबी ऱ्हायची?"

साहेब मोठ्याने हसले. "अहो मिस्त्री, एवढं कोण बघतंय?"

मिस्त्रींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. रस्त्यावर आल्यावर गटारापाशी थांबून ते थुंकले. म्हणाले, "ज्याला बगायचंच न्हाई, त्यानं ठिवावी कशापाई?" मला तेव्हा हे फार झालं असं वाटलं.

पुढे थर्ड क्लास बंद झाला. म्हणजे थर्डचाच सेकंड झाला. आम्ही दोघं चिंचवड स्टेशनात उभे होतो, समोरच्या डब्यावर रोमन तीनमधली एक काठी रंगाने बुजवलेली. मिस्त्री गाडी सुटेपर्यंत तिकडे बघत राहिले.

"बाक त्येच, ढेकनं तीच. एक काठी पुसली आन् मान्सं वरच्या वर्गात गेली! छ्या!"

त्याच सुमाराला देहूरोडच्या बाजूच्या सायडिंगवर एक मोडीत काढलेला लाकडी डबा येऊन उभा राहिला. मिस्त्रींना वडिलांच्या जोडीदाराकडून कळलं होतं की वडील आपल्या प्रत्येक बाकाच्या पोटाला पटाशीने तीन बारीक खाचा मारत. आम्ही गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी गेलो. पहारेकऱ्याने आधी आरडाओरडा केला, मग मिस्त्रींच्या विड्या ओढत उन्हाला बसला.

मिस्त्री नव्या धोतराची पर्वा न करता बाकाखाली आडवे झाले. बाहेर आले तेव्हा टोपीवर जळमटं, मिशीत धूळ. मी विचारलं, "आहेत खाचा?" त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांच्या तोंडून एकदाही छ्या आलं नाही.

बापाचा हात लागलेला हा एकच डबा त्यांना सापडला होता आणि आठवड्याभरात तो जाळायचा होता. तो जाण्याआधी त्याची खरी मापं हवी होती, बस. एरवी ते लांबीही पट्टीपुढे पट्टी टाकूनच मोजत, पण वेळ वाचावा म्हणून मी ऑफिसातला लांब टेप आणला होता. डब्याची पूर्ण लांबी मी टेपने घेतली. भरली साठ फूट. बाकी खिडक्या, खांब, दारं, बाकं हे सगळं मिस्त्रींनी आपल्या पट्टीने मोजलं आणि मी वहीत उतरवलं.

पुढच्या आठवड्यात डबा पेटवला. लाकूड सोडवत कोण बसणार? जाळलं की लोखंड मोकळं होतं. मी शिफ्ट संपवून बघायला गेलो होतो. असलं सागवान जळताना वास फार चांगला येतो आणि त्याच गोष्टीची मला शिसारी आली. मिस्त्री आले नव्हते.

नकाशा करायला बसलो तर बेरीज जमेना. खिडक्या, खांब, दारं सगळं मिळून साठ फुटांना साडेसात इंच कमी. दोनदा, तीनदा केली. शेवटी ड्रॉइंग ऑफिसात सगळे करतात तेच मी केलं. साडेसात इंच सगळ्या खांबांत थोडे थोडे वाटून टाकले आणि नकाशा सुबक करून नेऊन दिला.

मिस्त्रींनी तो मांडीवर पसरला. बोट एका खांबावर थांबलं.

"राव, ह्यो खांब मी मोजलाय. तीन इंच व्हता. तुमी वाढीव लिवलाय."

"बेरीज जमत नव्हती, मिस्त्री. जरासंच आहे. एवढं कोण बघतंय?"

बोललो आणि त्याच क्षणी कळलं की हे वाक्य कुणाचं. साहेबांच्या गाडीकडे बघितलं होतं तसंच त्यांनी माझ्याकडे बघितलं. नकाशाची घडी घातली, माझ्या हातात दिली, माझ्याकडची मापांची वही तेवढी घेतली आणि उठून गेले. छ्यासुद्धा म्हणाले नाहीत. आठ महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला राग येत होता, पण त्याच्या तळाशी होती ती लाज.

एका गुरुवारी त्यांनी निरोप धाडला. गेलो. बारावा डबा तयार होता. जुना तपकिरी तांबडा रंग, दारावर रोमन तीन, आत बाकं. बाकाच्या पोटाला सुईने मारलेल्या तीन खाचा. आणि एका टोकाला, शेवटच्या खिडकीनंतर, वरपासून खालपर्यंत अडीच सुतांचं कोरं लाकूड. ना रंग, ना पॉलिश.

"हे काय?"

"ते साडेसात इंच. आपल्याला म्हाईत न्हाईत. जे म्हाईत न्हाई त्ये रंगवायचं न्हाई." मग खिशातली पट्टी चाचपत, "माजी पट्टी खोटं बोलत न्हाई. तुमचा टेपच रबराचा हाय, राव."

ते 'राव' ऐकून मला किती हलकं वाटलं ते सांगत बसत नाही. त्यानंतर आमची भेट झाली की नमस्काराच्या जागी ते विचारायचे, "सापडलं का साडेसात इंच?" मी म्हणायचो, "शोधतोय." कधी त्यांना वाटायचं एखादा खांब वहीत लिहायचा राहिला, कधी वाटायचं आपण एक फट विसरलो. कॅन्टीनमध्ये भाकरी हातात धरून ते मनातल्या मनात तो डबा पुन्हा मोजत बसायचे. त्याचा त्यांना खरंच त्रास होता. बापाच्या डब्यातलं काहीतरी आपल्या हातून सांडलं, असं ते एकदा बोलून गेले.

कंपनीच्या समारंभात कामगारांच्या कलाकुसरीचं प्रदर्शन होतं. माझ्याच आग्रहाने मिस्त्रींनी बारावा डबा आणला. साहेबांनी तो फिरवून बघितला. "छान! फक्त एवढी फट रंगवून घ्या, आणि हो, थर्डचा सेकंड करा. पाहुण्यांपुढे थर्ड बरं दिसत नाही." पेंटरला बोलावणंही गेलं. ब्रश बुडवून पेंटर आला तेव्हा टेबल रिकामं होतं. मिस्त्री डबा छातीशी धरून गेटबाहेर एसटीची वाट बघत उभे होते. मी त्या हारतुऱ्यांत, अत्तराच्या वासात तसाच उभा राहिलो. माझ्याही गळ्यात बिल्ला होता. असा ओंगळ मी स्वतःला क्वचितच वाटलो असेन.

ते निवृत्त झाले आणि दीड वर्षात गेले. चाळिसाव्याला मी चाकणला गेलो. भाभींनी उठून कोटाच्या खिशातून ती पितळी पट्टी काढली. "ही तुमी ठिवा. दुसऱ्या कुनाला त्येची कदर न्हाई."

घरी आणून मी ती माझ्या टेबलावर ठेवली. शेजारी माझी पट्टी होती. सुरुवातीच्या रेघा जुळल्या. फुटाच्या रेघा जुळल्या नाहीत. मिस्त्रींची एका सुताने पुढे.

फुटाला एक सूत. साठ फुटांना साठ सूत. म्हणजे साडेसात इंच.

आयुष्यभर ज्या एका सुतावर आमची फाउंड्री चालली, ज्याची टीप मी प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहिली, ते सूत मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. आधी वाटलं, चूक मिस्त्रींचीच. खिशातली पट्टी शॉपची आहे हेच विसरले. मग सावकाश बसून विचार केला तेव्हा उलगडलं. त्यांनी डबे मोजले त्या मोठ्या फुटाने आणि घडवले त्याच मोठ्या फुटाने. मोजताना जे कमी भरलं ते घडवताना आपोआप भरून निघालं. म्हणून अकराही डबे अचूक. बाराव्यातल्या खिडक्या, खांब, दारं, बाकं, तीही अचूक. फक्त एक आकडा लहान फुटाचा आत शिरला होता. साठ. तो माझ्या टेपचा. त्या साठ फुटांना त्यांनी आपल्या पट्टीने लांबी दिली आणि डबा तेवढाच जास्त लांब झाला.

त्यांच्या हातून काहीच सांडलं नव्हतं. हे सांगायला मी पळत गेलो असतो, पण कुणाकडे?

तरी गेलो. भाभी फळीवरची धूळ पुसत होत्या. मला बघून त्यांनीच विचारलं, "सापडलं का?"

"सापडलं, भाभी. चूक माझ्या टेपची."

त्यांना जराही नवल वाटलं नाही. "ते म्हनतच व्हते."

"ते कोरं लाकूड मुळात नकोच होतं. जेवढं त्यांनी रंगवलं तेवढं सगळं खरं आहे."

भाभी आत गेल्या, हत्यारांच्या पेटीतून मिस्त्रींची बारीक करवत आणून माझ्यापुढे ठेवली. "मग काढा की कापून. त्यांचा डबा खरा हुऊ द्या."

मी डबा उचलला. डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला. सगळ्या खिडक्या एका ओळीत होत्या. करवत हातात घेतली, आणि नाही चालली. रेघा मारत हयात गेलेला माझा हात, तो त्या लाकडाला लावायची हिंमत झाली नाही. म्हटलं, पुढच्या गुरुवारी येतो. भाभींनी करवत परत पेटीत ठेवली.

असे पुष्कळ गुरुवार गेले. ते अडीच सूत लाकूड अजून तसंच कोरं आहे. त्या डब्यात खोटं काय ते तेवढंच, आणि ते माझं आहे.