वारा बघणारे साहेब

आमच्या अंगणात आले की साहेब आधी वाकायचे, चिमूटभर माती उचलायचे आणि खांद्याच्या उंचीवरून सोडून द्यायचे. माती सरळ खाली पडली तर चेहरा खुलायचा. वाऱ्याने तिरपी गेली तर "आज फवारणी नाही" म्हणून सायकल भिंतीला टेकवून चहाला बसायचे. जानेफळच्या आसपासच्या गावांना शेतीतलं नवं काही शिकवायला पंचायत समितीने नेमलेले हे साहेब. सरकारदरबारी त्यांना आडनाव असेलच, पण गावाने त्यांना वारासाहेब करून टाकलं होतं.

लग्न होऊन मी लोणारहून या गावात आले, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. राज्य नवं होतं, संकरित ज्वारीचं बियाणं नवं होतं, आणि ज्वारीतलं तण औषधाने मरतं ही गोष्ट तर कोणाला खरीच वाटत नव्हती. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, गावातले मानाचे शेतकरी. त्यांनी पहिल्याच भेटीत साहेबांना अडवलं. "काहो साहेब, गवत मरते अन् जवारी काऊन मरत नाही? औषधाले ओळख पटते का?"

बसलेली मंडळी हसली. साहेब हसले नाहीत. "पटते," ते म्हणाले. "रुंद पानाचं तण मरतं, ज्वारीचं अरुंद पान राहतं. पण म्हणूनच तुमची हरळीही मरणार नाही. तिला खुरपंच लागेल." औषध काय करत नाही, हे ते आधी सांगायचे. विकायला आलेला माणूस असं बोलत नाही. मामाजींनी तिथल्या तिथे आपलं नदीकाठचं ज्वारीचं वावर प्रयोगासाठी पुढे केलं.

फवारणी झाली ती सकाळी. दव वाळलेलं, वारा पडलेला, आभाळ मोकळं, ज्वारी वीतभर आणि तण अजून कोवळं. साहेबांनी बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, तोंडाला फडकं बांधलं, मामाजींची विडी विझवायला लावली. औषध त्यांनी मापानेच घेतलं. "थोडं जास्त टाका ना, लवकर मरन," असं कोणीतरी म्हणालं, तर म्हणाले, "जास्तीने तण दुप्पट मरत नाही, ज्वारी मात्र होरपळते." मधेच पंपाचं तोंड तुंबलं. मामाजींनी सहज ते काढून फुंकायला ओठांशी नेलं, तर एरवी इतक्या मऊ बोलणाऱ्या या माणसाने ते हातातून हिसकावूनच घेतलं. "तोंड जेवायला आहे, काका!" मग एक गवताची काडी घालून त्यांनी ते शांतपणे मोकळं केलं.

त्या काळी गावात येणारा कोणताही साहेब पुरुषांशी बोलून जायचा. हे मात्र चुलीपर्यंत आवाज जाईल असं बोलायचे. "पाणी तुम्ही आणता, कपडे तुम्ही धुता, मग तुम्हाला नको का कळायला?" फवारणीचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, विहिरीजवळ काही धुवायचं नाही, पोरांना वावरात फिरकू द्यायचं नाही, हे सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं. औषधाचा रिकामा डबा छान झाकणाचा होता. गोडेतेलासाठी मी तो मागितला. साहेबांनी कुदळ घेतली, डब्याला भोकं पाडली आणि बांधापलीकडे लांब खड्डा करून पुरला. मला फार राग आला. पुढच्या खेपेला सायकलच्या हँडलला मेहकरच्या बाजारातला कोरा डबा लटकत होता. "वहिनी, यात तेल ठेवा," म्हणाले. माझा राग कुठे गेला कळलंच नाही.

ज्वारी झकास उठली. रुंद पानाचं तण माना टाकून वाळलं. गावभर मामाजींच्या वावराची चर्चा झाली, आणि त्याच भरात ते घडलं.

कापसावर तुडतुडे दिसायला लागले. पंचायत समितीचा तोच पंप घरात होता. मामाजींनी तो नदीवर खळखळला, त्यात तुडतुड्यांचं औषध भरलं आणि पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, फवारलं. काही दिवसांनी मी वावरात गेले तर शेंड्याची पानं ओळखू येईनात. रुंद पानं आखडून, चिरून, बोटांसारखी लांबुळकी झालेली. झाडं जणू मुठी वळत होती. पंपात राहिलेल्या तणाच्या औषधाने कापसाला गाठलं होतं. आमची वर्षाची भिस्त त्या पऱ्हाटीवर होती. मामाजी बांधावर बसले ते उठेचनात. सासूबाई घरी आल्यावर जेवल्या नाहीत. "येऊ दे त्या साहेबाले," एवढंच माझा नवरा म्हणत राहिला.

साहेब आले तेव्हा एकटे नव्हते. बरोबर त्यांचे वरिष्ठ होते आणि मागोमाग अर्धं गाव. साहेबांनी पऱ्हाटीत गुडघे टेकले, एक एक शेंडा बोटांवर घेऊन पाहिला. वरिष्ठांनी विचारलं, "पंप धुवायला सांगितलं नव्हतं?" आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की सांगितलं होतं. साहेबांनी एवढं 'हो' म्हटलं असतं तर ते सुटले असते.

ते उठून उभे राहिले. "धुवा असं सांगितलं, साहेब. कसा धुवायचा ते करून दाखवलं नाही. सोड्याचं पाणी भरून ठेवायचं, नळी आणि तोंडही धुवायचं, आणि खरं तर कापसाला तो पंप लावायचाच नाही, हे मी बोललोच नाही. चूक माझी आहे."

मग बांधावर बसलेले मामाजी काठी टेकत पुढे आले. आयुष्यात कोणापुढे पडतं न घेणारा तो माणूस. "नाही साहेब," ते वरिष्ठांना म्हणाले, "ह्या मानसानं सांगतलं होतं. म्याच एक डाव पानी फिरवलं अन् मोकळा झालो. मले घाई झालती. याइले बोल लावू नका."

दोघंही दोष आपल्याकडे ओढत होते. माझ्या नवऱ्याने मनात धरून ठेवलेलं भांडण ओठांतच राहिलं.

"झाडं उपटू नका," साहेब जाताना म्हणाले. "मार हलका असेल तर वरून नवं पान येईल. खात्री देत नाही. वाट बघू." त्यानंतर ते दर आठवड्याला यायचे, चिखलात सायकल खांद्यावर घेऊनसुद्धा. यायचे, शेंडे बघायचे, मान हलवायचे, जायचे. एका सकाळी साहेब बांधाशी सायकल टेकवत होते, तेव्हा मीच आधी पाहिलं. वाकड्या पानांच्या वर एक कोवळं पान उघडलं होतं, रुंद आणि सपाट, जसं कापसाचं असावं तसं. मी तिथूनच ओरडले, "मामाजी! साहेब! सरळ आलं वो, सरळ आलं!" साहेब धावत आले, पानाला हात न लावता बघत राहिले. चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

सगळी झाडं नाही वाचली. बोंडं उशिरा धरली आणि कापूस नेहमीपेक्षा कमीच निघाला. पण निघाला.

पुढे साहेबांची बदली दूर कोकणात झाली. ते कोणाकडून काही घेत नसत. मी त्याच पऱ्हाटीचा कापूस पिंजून उशी शिवली होती, ती मात्र त्यांनी घेतली. एस.टी.त बसल्यावर मांडीवर ठेवली. मामाजी खिडकीशी उभे होते. "साहेब, माह्या वावराले नाव ठेवू नका तिकडं," म्हणाले. साहेब म्हणाले, "काका, तिकडे पहिलं नाव तुमच्याच वावराचं घेईन." गाडी गेली. आमची पुन्हा भेट झाली नाही.

नंतरच्या वर्षांत घरोघरी पंप आले. पार साखरखेर्ड्याहूनही कोणी ना कोणी मामाजींना फवारणीचं विचारायला यायचं. मामाजी त्यांना ओट्यावर बसवायचे आणि म्हणायचे, "आंधी माह्या पऱ्हाटीचं काय झालतं ते आयक." मग आखडलेली पानं, आपली घाई, नदीवरचं ते एकदाच फिरवलेलं पाणी, सगळं रंगवून सांगायचे. ऐकणारे पोट धरून हसायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "मामाजी, काऊन सांगता दर वेळेस? लोकं हसतात तुमाले."

"हसू दे वं पोरी," ते म्हणाले. "हसतीन, पन घरी जाऊन पंप धुतीन."