कोरडी गाठ

आमच्या होणाऱ्या जावयानं सासऱ्याला पहिली भेट काय पाठवावी? शाल नाही, घड्याळ नाही. काडी पाठवली. मासे धरायची काडी, तीही थेट कॅनडाहून, चार तुकडे करून कापडी पिशवीत घातलेली. तिकडे तो सुटीच्या दिवशी कमरेइतक्या गार पाण्यात उभा राहतो, ट्राऊट नावाचा मासा धरतो आणि परत सोडून देतो. आमची लेक काठावर बसून त्याचे फोटो काढते. मी म्हटलं, एवढं शिकून सवरून पोरीनं हे रत्न शोधलं!

काडी पाठवण्यामागं कारण मात्र होतं. दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. धंतोलीतल्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पाय ओढत होते, शब्द अडखळत होते. पुढं पाय सुधारला, जीभ तर गरजेपेक्षा जास्तच सुधारली, पण उजवा हात मागं राहिला. बोटं थरथरायची, धरलेली वस्तू सुटायची. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तो मुठीत घेऊन हे सोफ्यावर चक्क झोपून जायचे. जावयाच्या कानावर हे गेलं. तो म्हणाला, ही काडी फेकायला ताकद लागत नाही, ताल लागतो, बाबांच्या हाताला बरं पडेल. दिवाळीत आलेली ती काडी तीन महिने कपाटावर धूळ खात पडली.

मग माघात तो दिवस आला. लग्नाच्या याद्या करायला मोठे दीर आणि जाऊबाई आमच्या हुडकेश्वरच्या घरी आले होते. मी चहा आणला. हे चारचौघांत नेहमी डाव्या हातानं कप घ्यायचे, त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, उजवा पुढं केला. कप कलंडला, चहा सगळा यादीवर. सकाळपासून खपून मी ती यादी लिहिली होती. माझा राग नाकावरच असतो. बोलून गेले, "राहू द्या हो! कप धरवत नाही तुम्हाला, मांडवात ओंजळ काय धरणार? मोठे भाऊजी, कन्यादानाला तुम्हीच बसा."

सगळे हसले. हेही हसले. मला वाटलं, संपलं.

आमच्याकडे कन्यादानात वडील ओंजळ धरतात, खाली मुलीची, तिच्याखाली जावयाची, आणि आई वरून पाण्याची धार सोडते. वडिलांची ओंजळ हलली की सगळं पाणी भलतीकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मला शांतपणे सांगितलं, "दादाला फोन केला मी. तोच बसेल." म्हणजे भाऊजींच्या शेजारी तांब्या घेऊन बसणार जाऊबाई! माझ्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात मी कुठं, तर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर. मी म्हटलं, अहो, मी गमतीनं बोलले. हे म्हणाले, "नाही, बरोबर बोललीस." एवढं म्हणून स्टूल घेतलं आणि कपाटावरची काडी खाली काढली.

मला वाटलं, रुसून बसायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून काढली.

त्यानंतर आमच्या गच्चीवर जो गोंधळ सुरू झाला तो काही विचारू नका. हे रोज सकाळी काडी जोडून उभे. मोबाईलवर कुणीतरी गोरा माणूस शिकवतोय, काडी मागं न्या, थांबा, पुढं न्या. हे मागं नेत, पण थांबायचं विसरत. दोरी कधी पाण्याच्या टाकीला गुंडाळायची, कधी ह्यांच्याच कानाला. दिवस वाळवणाचे, माझे उडदाचे पापड घातलेले. त्यातला एक पापड हुकाला अडकून शेजारणीच्या अंगणात जाऊन पडला. ती खालून ओरडली, "काकू, एकच काहून? अजून येऊ द्या नं!" जाऊबाई फोन करायच्या तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊजी अजून माश्या मारून राहिले का वं?" कारण ह्या प्रकारात गांडूळ, कणीक काही लावत नाहीत. हुकाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात, आणि मासा त्याला फसतो म्हणे.

ती माशी करायची कुणी? अर्थात मी. ह्यांच्या बोटांना हे जमणार नव्हतं, आणि माझा अख्खा जन्म ब्लाऊजला हुक लावण्यात गेलेला. मी मासे खात नाही, घरात शिजवू देत नाही, आणि मीच चिकनवाल्याकडून कोंबड्याची पिसं मागून आणत होते. तो म्हणाला, "ताई, पिसं नेता तं कोंबडी बी न्या." माझा चेहरा पाहून बिचाऱ्यानं घाईघाईनं पिसांची पिशवी पुढं केली.

होळी होऊन चार दिवस झाले आणि ह्यांनी जाहीर केलं, आता नदी. शहरापासून दीड तासावर एक धरण आहे, त्याच्या पायथ्याशी. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत गेली. कुठल्या धरणातून कधी किती पाणी सोडलं ह्याचे कागद ह्यांनी तीस वर्षं टाईप केले, पण त्या पाण्यात पाय एकदाही घातला नव्हता. मासे धरायची परवानगीसुद्धा रीतसर अर्ज करून आणली, दोन प्रतींत. म्हणाले, "शेतीला पाणी सोडायची पाळी संपली आहे, दोन दिवस धरणाची दारं बंद आहेत. खाली पाणी उथळ आणि नितळ असेल." गाडी मी चालवली. हल्ली तीही माझ्याचकडे आहे.

पळस फुललेला होता, पण ह्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. नदी खरंच काचेसारखी होती. धरणाच्या तळातून झिरपणारं पाणी ते, फाल्गुनातही पाय बधिर होतील इतकं गार. तळातला गोटा न् गोटा दिसत होता, आणि गोट्यांवर तरंगणारे मोठ्या खवल्यांचे मासेही. आम्हाला मासे दिसत होते, म्हणजे माशांनाही आम्ही दिसत होतो. ह्यांनी मला काठावर बसवलं आणि म्हणाले, हलू नको, साडीचा रंग भडक आहे. पस्तीस वर्षांत माझ्या साडीकडं ह्यांचं लक्ष गेलं ते असं.

काठावर जाळं सुकवत एक म्हातारे मासेमार बसले होते. थोडा वेळ त्यांनी पाहिलं, मग राहवलं नाही. "काहून गा बाबू, पाण्याले झोडपून राह्यले?"

हे म्हणाले, "मासा धरून राहिलो, काका."

"असा कुठं मासा येते! अन् आला तं?"

"सोडून देणार."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. म्हटलं, काका, घरी बी असंच आहे. ते जाळं बाजूला ठेवून नीट पाहायलाच बसले.

पहिल्या दोन माश्या दगडात अडकून गेल्या. तिसरी बांधायला हे काठाशी आले. दोरीच्या टोकाचा दोरा केसाएवढा बारीक, त्याला ती माशी मी बांधायची. मोबाईलवरच्या गोऱ्यानं बजावून सांगितलं होतं, गाठ आवळण्याआधी तोंडात धरून थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली तर घासून दोरा कमजोर होतो. हे म्हणाले, "ओली केलीस ना?" त्या दिवशी माझी संकष्टी. उपाशी पोटी, गणपतीचं नाव घेतलेल्या तोंडात मी माशाच्या पाण्यातला दोरा घालू? नदी समोर वाहत होती, तिच्यात बोट बुडवून ओली केली असती तरी चाललं असतं. तेही सुचलं नाही, सुचलं ते खोटं बोलणं. कोरडीच आवळली आणि म्हटलं, "हो, केली."

हे पुन्हा पाण्यात गेले. आणि तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. काडी उजव्या हातात होती. मागं गेली, थांबली, पुढं आली. दोरी हवेत सरळ झाली आणि माशी पाण्यावर टेकली, आवाज न करता. काका पुटपुटले, "वा रे बाबू."

पाण्यात काहीतरी लखलखलं आणि काडी वाकली. हे ओरडले नाहीत. उजवा हात वर उचलून धरला, डाव्यानं दोरी सोडत, घेत, सोडत. मासा खाली पळाला, हे त्याच्या मागं दोन पावलं गेले. हात थरथरत होता, पण पकड सुटली नाही. काका उभे राहून सांगत होते, "ओढू नका, दमू द्या त्याले!" आणि मी, मासे न खाणारी बाई, देवाला म्हणत होते, बाप्पा, एवढा एक येऊ दे.

हातभर अंतरावर आला असेल. पिवळसर पोट दिसलं. ह्यांनी डावा हात पाण्यात घातला आणि काडी एकदम सरळ झाली. मासा गेला.

हे दोरा धरून काठाशी आले. दोऱ्याचं टोक कुरळं झालं होतं, जळल्यासारखं. गाठीपाशीच तुटलं होतं. ह्यांनी ते बोटात धरून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. ह्यांना कळलं. मी मान खाली घातली. आता बोलतील, बोलायलाच पाहिजे, समोर परका माणूस उभा आहे, चार शब्द ऐकवायची हीच वेळ. मी त्यांच्या जागी असते तर सोडलं नसतं.

हे म्हणाले, "होतं असं. दुसरी बांध."

बस, एवढंच. मला अक्षरशः ओरडून रडावंसं वाटलं. मी दोरा घेतला, तोंडात धरला, शेवाळाची चव जिभेवर आली, आणि गाठ आवळली.

"मांडवात तुम्हीच बसायचं," मी म्हटलं. "भाऊजींना मी सांगते. ते शब्द माझे होते, मीच परत घेते."

हे माशी न्याहाळत राहिले. "आणि ओंजळ हलली तर?"

"हलू द्या. जावई कमरेइतक्या पाण्यात उभा राहणारा आहे, दोन थेंब अंगावर उडाले तर विरघळणार नाही."

हे हसले. मग काडी उचलून पाण्याकडं वळले आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "दीड महिना गच्चीवर उभा आहे मी. तुला काय वाटलं वं, मला मासे पाहिजे होते?"