कांद्यात काही उरत नाही

"तू बाजूले हो बे. साहेब देतीन."

उंद्री गावच्या पारावर पाटील मला म्हणाला. कापलेल्या कांद्याचं ताट माझ्या हातात होतं.

तासभर मीच बोललो होतो. सरकारी खात्यात सहायक होतो, बुलढाण्याहून साहेबांसोबत जीपनं आलो होतो. दोन टोपल्या मांडल्या होत्या. एकीतले कांदे मोड येऊन पिचपिचीत झालेले. दुसरीतले तेवढेच जुने, पण मोड येऊ नयेत म्हणून किरणं दिलेले, टणक. लोक घाबरले होते. किरणं म्हटलं की त्यांना अणुबॉम्ब आठवायचा. एक म्हातारी म्हणाली, "मोड येत नाही, मंजे मेलाच न तो. मेलेलं कसं खावाव?"

"आजी, तुमी उन्हात डाळ वाळवता. ते ऊन काय डाळीत राह्यते? किरणं तशीच आरपार जाते. कांद्यात काही उरत नाही."

तिला पटलं. पाटलालाही पटलं. मग त्यानं विचारलं, "कोन्या गावचा बे तू? कोनाचा?"

मी खरं सांगितलं. आमची वस्ती त्याला ठाऊक होती.

"किरणं निंघून जाते, हे समजलं मले," तो म्हणाला. "पन याचा हात लागला, तो कसा निंघंन?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. सगळ्यांना तो प्रश्न रास्तच वाटला.

साहेब मुंबईचे, विज्ञानावर भरभरून बोलणारे. त्यांनी माझ्याकडे न बघता ताट घेतलं. "जाऊ दे रे, काम महत्त्वाचं." माझ्या फोडी टाकल्या, नवा कांदा कापला. लोकांनी चवीनं खाल्ला. म्हातारीनंही.

मी जीपमध्ये बसून हात पँटला पुसत राहिलो. काय पुसत होतो, कळत नव्हतं. इतकी वर्षं झाली, जेवताना कांदा समोर आला की हात अजून आपोआप पँटकडे जातो. स्वतःचीच चीड येते. माझा धडा त्या पाटलाला अगदी नीट समजला होता, हे मला सगळ्यात जास्त छळतं.

उंद्रीच्या दुसऱ्या दिवशी दुसरबीड गाव होतं. उतरताना साहेब म्हणाले, "आज तू फक्त टोपल्या उतरव. बोलेन मी."

"नाही. बोलीन मी, कापीन मी, वाटीन मीच."

"नोकरीचा विचार कर."

"केला."

लोक जमले. कुणी विचारायच्या आत मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, जात सांगितली. मग सुरी उचलली. कांदा कापला, पहिली फोड स्वतः खाल्ली.

"आता ज्याले खायाचं नसंन, त्यानं खाऊ नये," मी म्हणालो. "पन दोष कांद्याले देऊ नये."