आठ फुटांवरचा फोटो

परवा आम्ही दोघं नेरला दिराकडे गेलो होतो... पुतणीचं, मीनलचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. हॉल वगैरे काही नाही, घरीच. यंदा बोंडअळीने कापूस खाल्ला. दरवर्षी या दिवसांत जी खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते, ती रिकामीच होती. तिथेच सतरंज्या टाकून पाहुणे बसवले.

फोटोवाला बोलवायचा नाही असं ठरलं होतं. मीनलने आधीच सांगून टाकलं होतं, "मोठेबाबा काढतील."

मोठेबाबा म्हणजे आमचे हे. नोकरी वीज खात्यात केली, पण घराण्यातलं एक लग्न की एक बारसं यांच्या कॅमेऱ्यातून सुटलं नाही. मग काचबिंदू झाला. आता समोर कुणीतरी आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून.

तेव्हापासून यांनी कार्यक्रमांना जाणंच सोडलं. हातात कॅमेरा नसला की हात कुठे ठेवायचे ते समजत नाही, म्हणायचे. मी समजूत घालणाऱ्यांतली नाही. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला, घरातही माझा आवाज वर्गातलाच आहे. मीनलचा फोन आला तेव्हा मी यांना एवढंच म्हटलं, "जायचं आहे. आणि कॅमेरा घेऊन जायचं आहे."

कॅमेरा घरात होता. लेकीने दिवाळीला नवा डिजिटल आणला होता, फोकस आपोआप करणारा. यांनी सवयीने लेन्सवरची कडी फिरवली... ती फिरतच राहिली. दोन्हीकडे कुठे अडतच नाही. "थोच सारं करते, त मी कायले पाह्यजे?" म्हणाले आणि ठेवून दिला.

मी कपाटातून यांची जुनी लेन्स काढली. फिल्मच्या काळातली, सगळा फोकस हाताने. नव्या कॅमेऱ्यावर ती बसवायला मध्ये एक अॅडॅप्टर लागतो, तो लेकीने मागवून दिला. बसवली, तर बटणच दबेना. स्क्रीनवर काय, तर लेन्स नाही! अहो, एवढा जड ऐवज समोर बसला आहे आणि म्हणे लेन्स नाही...

जुन्या लेन्सची कॅमेऱ्याला ओळखच पटत नाही. मेन्यूत एक सेटिंग असते, लेन्स नसतानाही फोटो काढ म्हणून. ती शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

यांच्या हातात दिला. कडी एका टोकाला फिरवली, अडली. दुसऱ्या टोकाला फिरवली, अडली. चेहराच बदलला यांचा... त्या दिवशी जेवतानाही कॅमेरा मांडीवर होता.

पुढे रोज एकच चाळा. मी घरात इकडेतिकडे करत बोलत असायची, आणि हे माझ्याकडे तोंड करून कडी फिरवत बसायचे. मी लक्ष दिलं नाही. खरं सांगते, यांचे फोटो येतील यावर माझा भरवसा नव्हता. साक्षगंधाला निघताना मी माझा फोन गुपचूप चार्ज करून घेतला होता. सगळ्यांसमोर यांचा एकही फोटो नीट आला नाही, तर पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाहीत ही धास्ती होती.

तिथे गेल्यावर पाटासमोर खुर्ची टाकून बसले. मीनल पाटावर येताच म्हणाले, "घे पाहू नाव." तिने लाजत उखाणा घेतला, तेवढ्यात यांची बोटं कडीवर फिरली आणि फोटो निघाला.

मग ओटी भरायला बायकांची ही गर्दी झाली. मी मध्ये घुसले आणि ओरडले, "सरा मागे सगळ्या! यांना दिसू द्या!"

हे शांतपणे म्हणाले, "त्यायले नोको हाकलू. तू तिथंच उभी राह्य, अन् बोलत राह्य."

"काय बोलू? चहा थंड होतोय, पाहुणे खोळंबलेत, आणि तुम्ही..." खटकन आवाज आला. दीर लगेच म्हणाले, "वयनी, दादानं जन्मात पह्यल्यांदा तुमाले बोल म्हटलं!" सगळी खोली हसली. मला राग आला होता, पण हसू आवरेना.

काल सकाळी फोटो मोठ्या स्क्रीनवर पाहिले. मीनलचा उखाणा घेतानाचा चेहरा लख्ख, पापण्यासुद्धा मोजता येतील. आणि मी... हात वर, तोंड उघडं, चष्म्यामागे डोळे वटारलेले. तोही फोटो अगदी लख्ख.

कसं जमवलं, विचारलं. या जुन्या लेन्सवर फुटांचे आकडे असतात. टोकापासून कडी किती फिरवली की किती फूट, ते यांच्या बोटांना पाठ आहे. वर अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, बारीक करून आठच्या आकड्यावर ठेवलं की फूटभर चूक खपून जाते. पूर्वी अंतर डोळ्यांनी जोखायचे, आता कानांनी. कित्येक दिवस माझ्या आवाजावर सराव चालला होता, आणि मी चाळा समजत होते.

"दुसऱ्यायचा अंदाज बांधा लागते," म्हणाले. "तुहा आवाज आठ फुटावर कसा येते, थे पाठ हाये."



आयुष्यभर लोकांनी मला हळू बोला म्हणून सांगितलं. घरात एक माणूस त्याच आवाजाने मला पाहतो आहे, हे कळायला एक जुनी लेन्स लागली. एरवी असा तोंड उघडं असलेला फोटो मी तिथल्या तिथे डिलीट केला असता... हा फ्रेम करायला दिला आहे.