माहेरासकट ओळख

मोताळ्याच्या बसस्टँडमागं नौशादचं शिलाईचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, पायजामे, बायांचे ब्लाऊज. मशीनच्या पाट्यावर कात्री, कात्रीजवळ फोन, आणि फोनमध्ये 'बांधावरच्या गप्पा'. तिथं वऱ्हाडातले आणि इकडचे तिकडचे शे-दोनशे लोक आपापला ब्लॉग लिहीत. नौशादनं स्वतः एक ओळ कधी लिहिली नाही. तो वाचायचा, आणि दर रविवारी दुसऱ्यांच्या लिखाणातलं निवडून सांगायचा, की बाबांनो, हे वाचा. लोक त्याच्या शिफारशीची वाट पाहत. साखरखेर्ड्याच्या सबीहाबाजी त्याला म्हणत, तू कापड बेतून कापावं तसं वाचतोस.

त्याची एक खोड होती. लिखाणाआधी माणसाची ओळख करून द्यायची. कोणाचा कोण, गाव कोणतं, बाई असली तर माहेर कुठलं. आपल्याकडं पाहुणा ओसरीवर टेकला की पाण्याच्या तांब्याबरोबर हेच तर विचारतात. त्याशिवाय माणूस माणसासारखा वाटत नाही, असं नौशादचं म्हणणं. ज्यांनी लपून लिहिलं त्यांचं नाव तो सांगत नसे, पण गावाकडची खूण टाकल्याशिवाय त्याला राहवत नसे.

ते गुलाबी बोंडअळीचं साल. बीटी म्हणून पेरलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फोडली की आत अळी. 'पऱ्हाटी' याच नावानं लिहिणाऱ्या एका बाईनं त्या आठवड्यात लिहिलं की उन्हाळ्यात ती एका गोदामात मजुरीला होती. तिथं खुलं सरकीचं बी कंपनीच्या पाकिटांत भरून पाकिटं चिकटवायचं काम होतं. बी बोगस आहे हे बायांना माहीत होतं. तिनं स्वतःच्या हातानं भरलं. ज्यांच्या वावरात आता अळी आहे, त्यातल्या काहींच्या वावरात ती निंदणीला जाते आणि मान वर करत नाही.

नौशादनं ते मशीन थांबवून वाचलं. रविवारी सगळ्यांच्या वर लावलं, आणि सवयीनं लिहिलं: बाई आपल्या मोताळ्याकडच्या, माहेर जानेफळचं. जानेफळ तिनंच कधीतरी आईबद्दल लिहिताना सांगितलं होतं.

सोमवारी दुकानात सहदेव आला. बियाण्याचे व्यापारी अर्जुनराव, त्यांच्या जीपवरचा हा ड्रायव्हर. पँट उसवलेली नव्हती, तरी काउंटरवर टाकली.

"नौशादभाई, ते तुमची लेखिका कोन व्हय? मालकाले सत्कार करा लागते तिचा."

"अर्जुनरावाले वाचाचा नाद कधी लागला बे?"

"लागला ना, तुमच्या पायी." सहदेव हसला. "जानेफळच्या लेकी आमच्या गोदामात दोनच होत्या. एक पोळ्याच्या आधी वारली."

पँट तशीच ठेवून तो गेला. नौशादच्या हातातली सुई बोटात शिरली होती, ते त्याला रक्त कापडाला लागल्यावर कळलं. त्यानं फोनवरून ती ओळ पुसली. पण वाचणाऱ्यांच्या डोक्यातून काय पुसणार? मग 'पऱ्हाटी'ला निरोप धाडला, की तुम्हाला ओळखलं आहे, सांभाळून राहा, आणि खाली आपला फोन नंबर दिला.

उत्तर लगेच आलं. "तुमी माह्यं माहेर काऊन लिहलं?"

तो उत्तर लिहायला बसला. तेवढ्यात तिचाच फोन आला. नाव पायल. नवरा संघपाल अर्जुनरावांच्याच ट्रॅक्टरवर. सकाळी नांगरटीला म्हणून गेला, ट्रॅक्टर गोदामासमोर उभा आहे, माणूस दिसत नाही आणि फोन उचलत नाही. पोलीस चौकीत जाऊन आली; संध्याकाळपर्यंत वाट पाहा म्हणाले.

नौशाद म्हणाला, मी सगळंच काढून टाकतो, शिफारस आणि सगळं. पायलचा आवाज चढला नाही.

"काढू नका. अर्धी ओळख देली म्हनून तं हे झालं. आता पुरी द्या. माह्यं नाव, त्याचं नाव, गोदाम कोनाचं ते. आन हेबी लिहा, का तो सकाळपासून तिथं हाय."

शिलाईच्या दुकानाची जागा अर्जुनरावांच्या मेव्हण्याची. नौशादनं एकदा शटरकडं पाहिलं. मग रविवार नसताना शिफारस लिहिली. सगळी नावं घातली, खाली स्वतःचं आणि दुकानाचंही.

त्या कट्ट्यावर एक रीत होती: एकानं सुचवलेलं दुसऱ्यानं पुन्हा सुचवायचं नाही. सबीहाबाजींनी ती पहिल्यांदा मोडली. त्यांच्या मागं अकोटचा एक मास्तर, मग मेहकरची एक नर्स, मग कोण कोण. ज्यानं त्यानं तेच लिखाण लावलं आणि खाली एवढंच विचारलं, संघपाल घरी आला का? कोणीतरी अर्जुनरावांच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर टाकला. नौशाद मशीनवर बसला होता, पायडल हलत नव्हतं. पायलचा फोन चालूच होता. पलीकडं कोंबड्यांचं ऐकू येत होतं.

उन्हं कलली तेव्हा पलीकडून ती म्हणाली, "आला."

संघपाल चालत आला होता. मारलं नव्हतं. खुर्चीवर बसवून ठेवलं, फोन काढून घेतला, बायकोला समजव म्हणून सांगत राहिले. पण मालकाचा फोन वाजायचा थांबेना. शेवटी अर्जुनरावांनीच त्याला जा म्हटलं.

बाजाराच्या दिवशी पायल नौशादच्या दुकानी आली. घरात दडून बसले तर उद्या पुन्हा उचलतील, चार लोकांत बसते, म्हणाली. नौशादनं स्टूल दिलं. माफी मागायला त्यानं तोंड उघडलं, पण ती रस्त्याकडं पाहत होती. अर्जुनरावांची जीप एकदा समोरून गेली, थांबली नाही.

मग कचरूबुवा आले, जवळच्या खेड्यातले, ज्यांच्या पऱ्हाटीत अळी पडली ते. मागं आणखी काही माणसं. कचरूबुवांनी पिशवीतून बियाण्याचं रिकामं पाकीट काढून तिच्यासमोर धरलं. नौशाद मध्ये पडायला उठला. ती हातानंच बसा म्हणाली.

"हे तू भरलं का, बाई?"

पायलनं पाकीट घेतलं. चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हाव, बुवा. माह्याच हातचं हाय."

कचरूबुवांनी पाकीट परत घेतलं, नीट घडी केली.

"साहेबापुढं म्हनशीन असंच?"

"म्हनीन."

"मंग चाल. ते कृषीचं ऑफिस उघडं हाय आता."

नौशादनं शटर खाली ओढलं आणि तोही त्यांच्या मागं निघाला.