सी भाषेतली पंगत

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शिकलो नाही, कारण मास्तरांना माझं पटेना आणि मला मास्तरांचं. मग उभी हयात पुण्यातल्या मंगल कार्यालयांत पंगती वाढल्या. शेवटी शेवटी वाढप्यांचा मुकादम होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे या माणसाला सी भाषेतलं काय कळतं असं कुणी विचारायला नको. काही कळत नाही. कळून घ्यायचंही नव्हतं. घोळ झाला तो त्यामुळंच.

धायरीत तेव्हा शेतं विकली जात होती आणि गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या वर असाच एक निघाला. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मशीनला ताप चढू नये म्हणून एसी, धूळ बसू नये म्हणून वर झालरीचं कापड. आमच्या देव्हाऱ्यालासुद्धा एवढं सोवळं नव्हतं. दोन हजार साल उजाडलं की जगातली सगळी मशीनं बंद पडणार अशी एक हूल होती, आणि ती पडू नयेत म्हणून अमेरिकेला म्हणे आमच्या गल्लीतली पोरं हवी होती. त्या पोरांना घरचा गळका नळ बंद करता येत नव्हता, ते सोडा.

त्या क्लासात सी नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकायला आमची सून जायला लागली. ती अमरावतीकडची, बी.एस्सी. झालेली. बोलणं मऊ, पण एकदा ठरवलं की हलायची नाही. हा गुण आमच्या घरात एकट्या मला शोभतो, असं माझं मत होतं. क्लास संपला आणि तिला येरवड्याच्या पलीकडच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. सोमवारी हजर व्हायचं. आमच्या पिढीत कुणी येरवड्याला जाणार म्हटलं की लोक विचारायचे, किती वर्षांसाठी?

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा म्हणतील तसं." हा मुलगा कारखान्यात सुपरवायझर आहे आणि तिथं फार करडा आहे म्हणतात. घरी येताना करडेपणा गेटवर जमा करून येत असावा.

मी सुनेला म्हणालो, "आपल्या घरातलं माणूस बाहेर काय काम करतं, हे मला चारचौघांत सांगता आलं पाहिजे. शिंपी कपडे शिवतो. मास्तर पोरांना बडवतो. तू काय करणार? मला समजावून सांग. समजलं तर जा. नाही समजलं तर घरी बस."

"नक्की ना बाबा? समजलं तर जाऊ?"

"शब्द आहे माझा."

शब्द दिला आणि मनाशी ठरवून टाकलं की समजून घ्यायचं नाही. यात लबाडी कसली? समजणं न समजणं ज्याच्या त्याच्या हातात असतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं सुरुवात केली. "बाबा, मशीनच्या आत आकडे ठेवायचे असतात. ओळींवर ओळी. पण किती येतील ते आधी माहीत नसतं. म्हणून काम सुरू झाल्यावर लागेल तेवढी जागा मागून घ्यायची."

"कुणाकडं?"

"मशीनकडंच."

"मशीन आपलं, विजेचं बिल आपण भरायचं, आणि जागा मागून घ्यायची? भाडेकरू आहोत का आपण?"

"मागितली की ते जागेचा पत्ता देतं."

"मग पुढं काय, पोस्टकार्ड टाकायचं?"

आतून बायको म्हणाली, "अहो, तिला बोलू तरी द्या."

"बोलतेच आहे ती. मला समजत नाही, त्याला मी काय करू?"

"मी समजावूनच राहिली ना बाबा," सून म्हणाली. "आणि मोजायचं शून्यापासून."

इथं मी उठलोच. पहिल्याला शून्य म्हणणारी विद्या आमच्या उंबऱ्याच्या आत नको, असं सांगून पारावर जाऊन बसलो.

शनिवारभर सासू-सुनांची स्वयंपाकघरात कुजबुज चालली होती. मी लक्ष दिलं नाही. तिथंच चुकलं.

रविवारी सकाळी सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "राहू द्या ते मशीन. तुमच्या कार्यालयाचं सांगा ना. पाहुणे किती येणार ते तुम्हाला तरी कुठं माहीत असायचं?"

कामाचं विचारलं की मी थांबत नाही, हे साऱ्या पुण्याला ठाऊक आहे. मी सांगितलं. यजमान आकडा सांगणार एक आणि दारात उभे राहणार भलतेच. आधीच पंगती मांडून ठेवल्या तर एक तर पानं रिकामी राहतात, नाही तर माणसं उभी राहतात. आणि जेवायला ताटकळलेला पुणेकर ते नातवंडांच्या मुंजीपर्यंत विसरत नाही. म्हणून मी पाहुणे बघून मग मॅनेजरकडे जागा मागायचो. तो ती कधी एकत्र देईल तर शपथ. एक पंगत हॉलमध्ये, एक मागच्या पडवीत, एक गच्चीवर.

"मग सापडायच्या कशा?"

"मुदपाकखान्याच्या दारात मी माणसं ओळीनं उभी करायचो. पंगतीला एक माणूस. त्यानं वाढायचं नाही, आग्रह करायचा नाही. आपली पंगत कुठं सुरू होते, एवढंच त्यानं ध्यानात ठेवायचं. 'तिसऱ्या पंगतीत पाचव्या पानाला मठ्ठा' अशी हाक आली की वाढपी दारातल्या तिसऱ्या माणसाला विचारणार. तो पंगतीचं तोंड दाखवणार. तिथून पानं ओलांडत जायचं."

"आणि पहिल्या पानावर जायला किती पानं ओलांडायची?"

"एकही नाही. तोंडाशीच तर असतं ते."

"म्हणजे शून्य."

मला धोका दिसला. म्हटलं, "पहिल्या पानावर व्याही बसतो. व्याह्याला एकदा शून्य म्हणून बघ, वरात परत जाते की नाही ते."

"व्याह्यांना नाही म्हणत बाबा. ओलांडलेल्या पानांना म्हणते."

मी चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

"तरी मला काही समजलेलं नाही," मी पुढं म्हणालो. "तुझं मशीन कुठं, माझी पंगत कुठं!"

"नाही ना समजलं? मग तुम्ही नुसतं बसा. मी माझी पंगत मांडते." तिनं डब्यातून सुपाऱ्या काढून माझ्यापुढं ओळीनं ठेवल्या. ही दारातली माणसं. मग शेंगदाण्यांच्या पंगती मांडल्या: एक ट्रंकेमागं, एक खाटेखाली, एक खिडकीत. कुठली सुपारी कुठल्या पंगतीची, तेही सांगितलं. मांडणी सुबक होती. मी ते बोललो नाही.

"आता जेवणं झाली," ती म्हणाली. "जागा ज्याची त्याला मोकळी करून द्यायची, नाही तर पुढच्या लग्नाला उरायची नाही. तर आधी ही दारातली माणसं घरी पाठवते. बिचारी सकाळपासून उभी आहेत." तिनं सुपाऱ्या गोळा करून डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं. "पंगती काय, उचलू सावकाश."

मी पेपर तोंडापुढं धरला. शब्दाचा प्रश्न होता. पण एका नवख्या कंत्राटदारानं खरोखर असंच केलेलं मी पाहिलं होतं. माणसं सोडून दिली, गच्चीवरची पंगत कुणाच्या लक्षात राहिली नाही, आणि दुसऱ्या दिवशीचं वऱ्हाड आलं तेव्हा वर कावळे पहिल्या पानापासून शिस्तीत बसलेले. ते दृश्य डोळ्यांपुढं आलं आणि माझा ताबा सुटला.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? माणसं घरी गेल्यावर खिडकीतली पंगत तुला कोण दाखवणार? जागा अडलेली, आणि कुठली ते कुणालाच ठाऊक नाही! आधी एकेका माणसाला विचारून त्याची पंगत उचलायची. सगळ्या उचलून झाल्या की मग माणसं सोडायची. कुठल्या गाढवानं शिकवलं हे तुला?"

"क्लासातल्या निम्म्या पोरांचं हेच चुकतं बाबा," सून शांतपणे म्हणाली. "मशीन काही बोलत नाही. जागा अडत अडत जाते आणि एक दिवस ते बसतं." मग पदर सावरून माझ्या पाया पडली. "तुम्हाला समजलं."

आत भांडं पडल्यासारखा आवाज झाला. ते भांडं नव्हतं, बायको हसत होती.

"मी पंगतीबद्दल बोललो," मी म्हणालो.

"अहो, ती तरी सोमवारपासून दुसरं काय करणार आहे?" बायको दारात येऊन म्हणाली.

शब्द मोडता आला असता. पण त्यासाठी सासू-सुनांनी मिळून मला बनवलं, हे चारचौघांत कबूल करावं लागलं असतं. त्यापेक्षा मला सी भाषा समजते, हे परवडलं.

सोमवारी सकाळी सून पर्स अडकवून निघाली. मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "आधी पंगती, मग माणसं. ध्यानात ठेव." समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी गॅलरीतून विचारलं, सूनबाई कुठं निघाल्या? म्हटलं, पंगती वाढायला. आजकाल लग्नांत लोक हातात ताट घेऊन उभ्यानं चरतात, पंगत राहिलीय कुठं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, येरवड्याच्या पलीकडं आहे.

ती कोपऱ्यावरून वळल्यावर आत आलो, तर खिडकीत शेंगदाणे तसेच. एवढ्या आरडाओरड्यात ती पंगत कुणी उचललीच नव्हती. मुंग्या लागल्या होत्या. मुकादमानं उष्टी काढायची नसतात, मी जन्मात कधी काढली नव्हती. पण दारातली माणसं सुपारीच्या डब्यात होती, सून कंपनीत होती, आणि पंगत कुठं आहे हे ठाऊक असलेला घरात मी एकटाच होतो.